मंगळावर राहायला जायचं म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगळावरच्या वस्तीबद्दल येणारे प्रश्न बहुतेक तेच ते असतात, विचारणाऱ्याचं वय तेवढं बदलतं. पाचवीतला नातू बटाट्यांबद्दल विचारतो आणि आजोबा प्लॉटबद्दल. म्हणून सगळी उत्तरं एका जागी ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी, अडनिडे शेवटी. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. इतके ग्रह पडलेत, मग सगळे मंगळाच्याच मागे का?

कारण बाकीचे त्याहून वाईट आहेत. शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमान आणि पृथ्वीच्या ९० पटींहून जास्त दाब. तिथे उतरलेली सोव्हिएत यानं जास्तीत जास्त दोन तासांच्या आसपास तग धरू शकली. गुरू-शनीवर पाय टेकायला जमीनच नाही. मंगळावर जमीन आहे, बर्फ आहे, दिवस जवळपास आपल्याएवढा आहे आणि हवेतून ऑक्सिजन काढण्याची सोय आहे. चंद्र जवळ आहे, पण तिथे हवा नाही आणि बहुतेक ठिकाणी रात्र १४ दिवसांची. तरी माझं मत विचाराल तर आधी चंद्रावर हात बसवावा. तिथे काही बिघडलं तर तीन दिवसांत घरी परतता येतं.

२. जायला किती दिवस लागतात? मनात आलं की निघता येतं का?

सहा ते नऊ महिने, आणि नाही, मनात आलं की निघता येत नाही. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी येतात ते साधारण २६ महिन्यांतून एकदा. ती वेळ चुकली की दोन वर्षं थांबा. युरोपच्या 'रोझलिंड फ्रँकलिन' रोव्हरचं हेच झालं. २०२० हुकलं, मग युक्रेन युद्धामुळे २०२२ हुकलं, आता २०२८ची वाट पाहणं चालू आहे.

'पर्सिव्हिअरन्स' रोव्हर ३० जुलै २०२० रोजी निघाली आणि १८ फेब्रुवारी २०२१ रोजी उतरली. आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघून २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरलं. त्याचे सुरुवातीचे काही आठवडे पृथ्वीभोवतीच्या फेऱ्यांत गेले होते. माणसांना परतही यायचं असल्याने तिथेही सोयीची वेळ येईपर्यंत थांबावं लागेल. जाऊन-येऊन अडीच ते तीन वर्षांचा हिशेब धरा.

३. स्पेससूट न घालता मंगळावर किती वेळ उभं राहता येईल?

शुद्धीवर म्हणाल तर दहा-पंधरा सेकंद. लोकांना वाटतं की अडचण थंडीची किंवा ऑक्सिजनची आहे. खरी घाई दाबाची. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, ६-७ मिलिबार. ६३ मिलिबारच्या खाली गेलं की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळायला लागतं.

हे नुसतं पुस्तकी नाही. १९६६ साली ह्यूस्टनमधल्या एका निर्वात कक्षात चाचणी चालू असताना एका तंत्रज्ञाच्या सूटची नळी निसटली. साधारण १४ सेकंदांत तो कोसळला. लगेच आत हवा सोडली म्हणून वाचला. शुद्ध जाण्याआधीची त्याची शेवटची आठवण होती जिभेवरची लाळ उकळत असल्याची.

४. श्वास घ्यायला ऑक्सिजन कुठून आणणार?

मंगळाच्या विरळ हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. तो ८०० अंशांपर्यंत तापवून विजेने फोडला की ऑक्सिजन सुटतो. पर्सिव्हिअरन्सवर 'मॉक्सी' नावाचं एक छोटं यंत्र होतं, त्याने हे प्रत्यक्ष करून दाखवलं. २०२१ ते २०२३ दरम्यान १६ वेळा चालवून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन मिळाला. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो. म्हणजे दोन वर्षांची कमाई एका माणसाला साडेतीन तास पुरली असती.

हसू नका. यंत्र मुद्दामच लहान बनवलं होतं आणि त्याने ठरल्यापेक्षा चांगलं काम केलं. मोठं यंत्र बनवणं शक्य आहे. ते वर्षानुवर्षं, धुळीत, बंद न पडता चालवायचं कसं, हा निराळा प्रश्न (प्रश्न १४).

५. पाणी आहे की नाही, एकदाच काय ते सांगा.

आहे, बर्फाच्या रूपात आणि भरपूर. २००८ साली 'फिनिक्स' यानाने उत्तर ध्रुवाकडच्या भागात एक चर खणला. चरात पांढरे खडे दिसले, सोंगटीच्या फाशाएवढे. चार दिवसांनी त्याच जागेचा फोटो काढला तर खडे गायब. मीठ असतं तर तिथेच राहिलं असतं. बर्फ होता म्हणून वितळण्याच्या भानगडीत न पडता थेट वाफ होऊन उडून गेला.

हा बर्फ खणायचा, तापवायचा, गाळायचा आणि एकदा मिळालेला थेंब पुन्हा पुन्हा वापरायचा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०२३ साली घाम, श्वासातली वाफ आणि लघवी मिळून ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. किळस वाटत असेल तर मंगळ तुमच्यासाठी नाही.

६. रेडिएशनने कॅन्सर होईल का?

धोका वाढेल, हे नक्की. मंगळाला पृथ्वीसारखं चुंबकीय कवच नाही आणि हवेचं पांघरूणही पातळ. 'क्युरिऑसिटी' रोव्हरने जमिनीवर मोजलेला डोस दिवसाला साधारण ०.६७ मिलिसिव्हर्ट होता. पृथ्वीवर निसर्गतः मिळणारा डोस वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट. थोडक्यात, मंगळावरचा एक उघडा दिवस म्हणजे इथले शंभर दिवस.

प्रवास याहून वाईट, रोज सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट. जायचे-यायचे मिळून एक वर्ष आणि मुक्कामाचे ५०० दिवस धरले तर बेरीज १,००० मिलिसिव्हर्टच्या आसपास जाते. नासाने एका अंतराळवीरासाठी आयुष्यभराची मर्यादा ६०० ठरवली आहे. सध्याच्या नियमांत ही सहल बसतच नाही. एकतर प्रवास लवकर उरकायचा किंवा मुक्काम जमिनीखाली करायचा.

७. चित्रांत दाखवतात तशा काचेच्या घुमटांत राहायचं ना?

चित्रं सुंदर असतात, पण तो घुमट उडून जाईल. पृथ्वीवर घर कोसळण्याची भीती असते, मंगळावर घर फुटण्याची. बाहेर जवळपास दाबच नाही आणि आत माणसांना जगण्यापुरती हवा. समजा आतला दाब इथल्या निम्म्याहून थोडा जास्त, ५६ किलोपास्कल ठेवला. मग १० बाय १० फुटांच्या एका खोलीच्या छताला आतली हवा जवळपास ५३ टनांच्या जोराने वर ढकलत राहील. नुसत्या मातीच्या वजनाने हे तोलायचं तर तिथल्या कमी गुरुत्वाकर्षणात छतावर सुमारे दहा मीटरचा थर लागेल.

म्हणून व्यवहारी आराखड्यांत गोल टाक्या, नळकांडी आणि त्यांवर दोन-तीन मीटर माती असते. माती रेडिएशन अडवते, दाब टाकीची भिंत सांभाळते. दुसरा पर्याय लाव्हाच्या नैसर्गिक बोगद्यांचा. आर्सिया मॉन्स या ज्वालामुखीच्या उतारावर १०० मीटरहून रुंद तोंडाचे खड्डे कक्षेतून दिसले आहेत. त्यांच्या आत अजून कोणी डोकावलेलं नाही.

मंगळाचा बराचसा खडक बेसाल्ट आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण त्याच जातीचा. बुलढाण्यातलं लोणार हे बेसाल्टमध्ये झालेलं उल्काविवर असल्यामुळेच मंगळाच्या विवरांचा अभ्यास करणारे तिथे येतात. खिडकी मात्र लहानशीच मिळेल.

८. बटाटे पिकतील का?

मातीत थेट नाही. मंगळाच्या मातीत अर्धा ते एक टक्का परक्लोरेट नावाचे क्षार आहेत, थायरॉइडला घातक. हेही फिनिक्सनेच शोधलं. माती आधी धुऊन घ्यायची, नाहीतर मातीविना, पाण्यावर पिकवायचं. अंतराळ स्थानकावर लाल लेट्यूस पिकवून २०१५ साली अंतराळवीरांनी खाल्लं. पण पानभर कोशिंबीर वेगळी आणि पोटभर जेवण वेगळं.

पोटभर जेवणाचा प्रयोग इथेच झाला आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात 'बायोस्फिअर २' नावाच्या काचेच्या बंदिस्त इमारतीत सप्टेंबर १९९१ ते सप्टेंबर १९९३ आठ माणसं राहिली. साधारण तीन एकरांच्या आत शेती, जंगल, छोटा समुद्रसुद्धा. सगळे अर्धपोटी राहिले. रताळी इतकी खावी लागली की एकीच्या कातडीवर नारिंगी झाक आली. आणि ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साडेचौदापर्यंत घसरला, रात्री झोपेत धाप लागायला लागली. मातीतले जीवाणू ऑक्सिजन खात होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांकडे जाण्याऐवजी इमारतीचं काँक्रीट गिळत होतं. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. मंगळावर 'बाहेरून' काही मिळत नाही. या विषयातलं सगळ्यात शिकवणारं अपयश मला हेच वाटतं.

९. वरण-भात शिजेल का?

कुकर असेल तर. प्रश्न ७मधला ५६ किलोपास्कलचा आकडा उगाच घेतलेला नव्हता. बाहेर जाताना घालायच्या सूटमध्ये दाब आणखी कमी, सुमारे ३० किलोपास्कल असतो. घरात पृथ्वीएवढा दाब ठेवला तर प्रत्येक वेळी बाहेर पडण्याआधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घेत बसावं लागतं, नाहीतर पाणबुड्यांना होतो तसा रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा त्रास. म्हणून घरातला दाब कमी ठेवून ऑक्सिजनचं प्रमाण ३४ टक्क्यांपर्यंत वाढवायचा विचार आहे. त्या दाबाला पाणी ८४-८५ अंशांनाच उकळतं. तूरडाळ उघड्या पातेल्यात ताटकळत राहील. शिवाय जास्त ऑक्सिजनमुळे आगीचा धोका वाढतो, त्यामुळे गॅस नाही, फोडणीचा धूर नाही.

१०. वीज सौरऊर्जेची की अणुऊर्जेची?

दोन्ही, पण भिस्त अणूवर. मंगळावर ऊन इथल्या ४३ टक्के, आणि धूळ. २०१८च्या वादळात 'ऑपर्च्युनिटी' रोव्हर अंधारात गेली ती परत बोललीच नाही. 'इनसाइट' यानाचे पॅनेल धुळीने झाकत गेले आणि डिसेंबर २०२२मध्ये तेही थांबलं. रोव्हर थांबली तर बातमी होते, घराची वीज गेली तर हवा थांबते. २०१८ सालीच नेवाडात नासाने अंतराळासाठी एक छोटी अणुभट्टी चालवून पाहिली, त्यामागचं कारण हेच.

११. घरी व्हिडिओ कॉल करता येईल?

नाही. संदेश पोचायला अंतरानुसार ३ ते २२ मिनिटं, उत्तर यायला तेवढीच. 'जेवलास का?' विचारल्यावर उत्तर येईपर्यंत पाऊण तासही जाऊ शकतो. व्हॉइस नोट पाठवण्यासारखा संवाद होईल. शिवाय दर २६ महिन्यांनी सूर्य मधे आला की सुमारे दोन आठवडे संपर्क जवळपास बंद.

१२. तिथे अपेंडिक्स फुटलं तर?

जो असेल त्याने ऑपरेशन करायचं. एप्रिल १९६१मध्ये अंटार्क्टिकातल्या नोवोलाझारेव्स्काया तळावर डॉक्टर लिओनिद रोगोझोव्ह यांचं अपेंडिक्स सुजलं. तळावर दुसरा डॉक्टर नव्हता. त्यांनी स्वतःला भूल दिली, एका सहकाऱ्याला आरसा धरायला लावला आणि स्वतःचं पोट स्वतः उघडून अपेंडिक्स काढलं. दोन आठवड्यांत कामावर रुजू. भारताचा 'मैत्री' तळ याच तळापासून काही किलोमीटरवर आहे. मंगळाचं वास्तव समजून घ्यायचं तर रॉकेटच्या व्हिडिओंपेक्षा अंटार्क्टिकात हिवाळा काढून आलेल्या माणसांशी बोलावं.

१३. तिथे मुलं जन्माला येऊ शकतील?

या विषयात सगळ्यात मोठी पोकळी इथे आहे. मंगळावर वजन इथल्या ३८ टक्के. शून्य वजनात हाडं महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात, हे अंतराळ स्थानकामुळे माहीत आहे. पण शून्य आणि पूर्ण यांच्या मधल्या गुरुत्वाकर्षणात राहिलेली माणसं फक्त १२, चंद्रावर उतरलेली, आणि त्यांतला सर्वांत लांब मुक्काम ७५ तासांचा. ३८ टक्के वजनात गर्भ नीट वाढेल का, मुलाची हाडं कशी घडतील, ते मूल पुढे पृथ्वीवर उभं राहू शकेल का? एकाही सस्तन प्राण्याची गर्भधारणा आणि जन्म अंतराळात झालेला नाही. उंदरांच्या काही पिढ्या सुखरूप वाढलेल्या दिसेपर्यंत मंगळावर मूल होऊ देणं मला तरी अनैतिक वाटतं. आणि मुलं नाहीत तोवर तो तळ आहे, गाव नव्हे.

१४. स्वतंत्र वस्तीला किती माणसं लागतील?

२०२०च्या एका शोधनिबंधात ११० आकडा आला, २०२३च्या दुसऱ्या अभ्यासात २२. तफावत गृहीतकांची आहे. २२वाल्यांनी पृथ्वीवरून मधूनमधून माल येत राहील असं धरलं, ११०वाल्यांनी नाही.

माणसं मोजण्यापेक्षा सुटे भाग मोजावेत. मॉक्सीसारख्या यंत्राचा एक सील गेला, तर तो सील बनवायला रबर, रबराला रसायनं, रसायनांना कारखाना. थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकचं नॉब छापेल, मायक्रोचिप नाही, औषधाची गोळी नाही. अंतराळ स्थानकावर पंप बिघडला तर पुढच्या मालवाहू यानातून नवा येतो. मंगळावर नवा पंप प्रश्न २मधल्या वेळापत्रकाने येणार. पहिल्या रहिवाशांचा दिवस मुख्यतः फिल्टर बदलण्यात आणि गळती शोधण्यात जाईल. जाहिरातींत पाना घेतलेला माणूस दिसत नाही, पण निवड त्याचीच व्हायला हवी.

१५. तिथे संकष्टीला चंद्रोदय किती वाजता?

हा प्रश्न गमतीत येतो, पण येतो फार वेळा. मंगळाला दोन चंद्र आहेत. फोबोस साडेसात तासांच्या आसपास एक फेरी मारतो, म्हणजे मंगळाच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यापेक्षा वेगाने. म्हणून तो पश्चिमेला उगवतो, चारेक तासांत पूर्वेला मावळतो आणि दिवसातून साधारण दोनदा उगवतो. डायमोस उलट इतका रेंगाळतो की एकदा उगवला की अडीच दिवसांहून जास्त वेळ मावळत नाही. उपास कोणाला पाहून सोडायचा ते तुम्ही ठरवा.

मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचं. आपल्या तिथी पृथ्वी, चंद्र आणि सूर्य यांच्या कोनावर ठरतात, तेव्हा सणवार पृथ्वीच्या पंचांगानेच करावे लागतील. आणि हो, तिथे जन्मलेल्याच्या पत्रिकेत मंगळ कुठे मांडायचा, हे ज्योतिषांना विचारा.

१६. मंगळालाच पृथ्वीसारखं बनवलं तर सगळे प्रश्न सुटतील ना?

सुटतील, पण तेवढा माल तिथे नाही. ध्रुवावरचा गोठलेला आणि मातीत अडकलेला, हाती येण्याजोगा कार्बन डायऑक्साइड सगळा सोडला तरी दाब २० मिलिबारच्या आसपास जाईल, असा हिशेब २०१८ साली प्रसिद्ध झाला. लागतात १,०००. प्रश्न ३ मधली ६३ची पायरीही ओलांडत नाही.

१७. मग माणूस नक्की कधी उतरणार?

तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. इलॉन मस्क यांनी २०१६ साली, २०२४मध्ये माणसं निघतील, असं म्हटलं होतं. मंगळावर आजवर उतरवलेली सर्वांत जड वस्तू म्हणजे सुमारे एक टनाची पर्सिव्हिअरन्स. माणसांचं यान २० टनांच्या पुढेच असणार. विरळ हवेत ते थोपवायचं कसं, हे अजून कोणी करून दाखवलेलं नाही.

१८. मंगळावर प्लॉट घेतलाय / बोर्डिंग पास आलाय / तिकीट बुक करायचंय. खरं आहे का?

बोर्डिंग पास खरा आहे, पण तो नावाचा. नासा लोकांची नावं चिपवर कोरून पाठवते. पर्सिव्हिअरन्सबरोबर एक कोटी नऊ लाखांहून जास्त नावं गेली. फ्रेम करून लावायला हरकत नाही.

प्लॉटचा कागद रद्दी आहे. १९६७च्या बाह्य अवकाश करारानुसार कोणताही देश परग्रहावर मालकी सांगू शकत नाही, भारतही या करारात आहे. जिथे सरकारचीच मालकी नाही तिथला सातबारा कोण देणार? तिकीट आज कोणीही विकत नाही. 'मार्स वन' या डच कंपनीने कायमचं मंगळावर पाठवण्यासाठी अर्ज मागवले, १०० जणांची यादीही केली आणि २०१९ साली दिवाळखोरीत गेली. पैसे मागणारा मेसेज आला तर सायबर हेल्पलाइन १९३०.

१९. इथे सराव कुठे करतात?

मॉस्कोत २०१०-११मध्ये सहा पुरुष ५२० दिवस बंदिस्त राहिले. ह्यूस्टनमध्ये जून २०२३ ते जुलै २०२४ चौघे ३७८ दिवस थ्रीडी प्रिंटरने बांधलेल्या घरात होते. भारतात इस्रोच्या पुढाकाराने नोव्हेंबर २०२४मध्ये लेहला असा पहिला तळ उभारला, त्यात आयआयटी मुंबईचाही सहभाग होता. या सरावांत रेडिएशन नसतं, कमी वजन नसतं. कळतं ते एवढंच, की बंद दारामागे माणसं एकमेकांशी कशी वागतात.

२०. आपले जंतू तिथे गेले तर?

जाणारच. १९७५ साली 'व्हायकिंग' यानं पाठवण्याआधी ११२ अंशांवर ३० तास भाजून निर्जंतुक केली होती. माणसाला भाजता येत नाही, आपल्या आतड्यातच अब्जावधी जंतू. मंगळावर जीवसृष्टी आहे का, हे ठरायच्या आत माणूस उतरला, तर पुढे सापडलेला जीवाणू तिथला की इथला, हा वाद मिटणार नाही. निदान बर्फाळ, ओलसर असण्याची शक्यता असलेल्या जागांपासून तळ लांब ठेवावा, असा शास्त्रज्ञांचा आग्रह आहे. पण पाणी तर तिथेच आहे (प्रश्न ५). यावर तोड निघालेली नाही.

२१. मंगळावर भारतीय आई-वडिलांना मूल झालं तर त्याचं नागरिकत्व कोणतं?

१९६७च्या करारात यान ज्या देशाच्या नोंदवहीत असेल त्या देशाचा यानावर आणि आतल्या माणसांवर अधिकार राहतो. पण अधिकार असणं म्हणजे नागरिकत्व मिळणं नव्हे. आपला १९५५चा नागरिकत्व कायदा नोंदणीकृत जहाजात किंवा विमानात जन्मलेल्या मुलाचा जन्म नोंदणीच्या देशात झाला असं मानतो. अंतराळयानाचा त्यात उल्लेख नाही आणि जमिनीखालच्या टाकीचा तर नाहीच. जन्म परदेशात झाला असं धरलं, तर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते. उशीर झाल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. वकिलात मंगळावर नसणार, म्हणून अर्ज ऑनलाइनच. आणि ते वर्ष ३६५ दिवसांचंच धरा, ६८७ दिवसांची सवलत मिळेल या भरवशावर राहू नका.